नवऱ्याला वाळवंटात चालायचंय, मला निवांत बसायचंय. नऊ दिवसांची रोड ट्रिप कशी आखावी?

तुमच्या प्रश्नात दिवस नऊ आणि अमेरिकेच्या नैऋत्येकडची ठिकाणं सात आहेत: झायन, ब्राइस, पेज, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यन, सेडोना, डेथ व्हॅली. ऑक्टोबरच्या मध्यात लास वेगासला उतरून गाडी भाड्याने घेणार, नवऱ्याला रोज एक ट्रेल हवा आणि तुम्हाला 'सुट्टीत सुट्टी' हवी. आमच्याकडे उलटं आहे. चालायचं वेड मला, आणि पुस्तक घेऊन सावलीत बसायची हौस नवऱ्याला. त्यामुळे दोन्ही पक्षांची बाजू ठाऊक आहे.

आधी यादीतून डेथ व्हॅली आणि मॉन्युमेंट व्हॅली काढून टाका. डेथ व्हॅली वेगासच्या पश्चिमेला, तुमचं बाकीचं सगळं पूर्वेला. मॉन्युमेंट व्हॅली पेजहून जाऊन यायचं म्हणजे चार तास नुसतं स्टिअरिंग. दोन्ही जागा सुंदर आहेत, वाद नाही. पण रोज बॅग भरणं आणि रोज नवीन खोलीत चार्जर शोधणं यात आराम करणाऱ्याची सुट्टी सगळ्यात आधी संपते. आठ रात्री अशा वाटा: झायनच्या दाराशी स्प्रिंगडेलमध्ये तीन, पेजला दोन, ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला, म्हणजे दक्षिण कड्यावर, एक, सेडोनाला दोन. ब्राइसला मुक्काम नको, वाटेत थांबा.

आता मुख्य मुद्दा. 'एक दिवस तुझा, एक दिवस माझा' ही वाटणी ऐकायला बरी वाटते, पण ती करू नका. त्यात एकजण कायम दुसऱ्याची वाट बघत बसतो. वाळवंट दिवसाची वाटणी स्वतःच करून देतं: उजाडल्यापासून दहा-अकरापर्यंत चालायचं, दुपारी सावली, संध्याकाळी पुन्हा थोडं बाहेर. ऑक्टोबरमध्ये ऊन उन्हाळ्यासारखं जीवघेणं नसलं तरी ही शिस्त कामाला येते. ट्रेलही असे निवडा, की दोघं एकत्र निघाल आणि तुम्हाला हवं तिथे थांबता येईल.

झायन यासाठी आदर्श आहे. तिथल्या मुख्य दरीत पार्कची शटल बस चालू असते त्या काळात खाजगी गाड्यांना बंदी असते, त्यामुळे नवरा कुठेही गेला तरी गाडीची किल्ली कोणाकडे हा प्रश्नच नाही. झायन लॉजच्या स्टॉपला मोठी हिरवळ आहे, मधोमध एक भलंमोठं कॉटनवुडचं झाड. तुम्ही तिथे बसा; समोरचा रस्ता आणि नदीवरचा पूल ओलांडला की एमराल्ड पूल्सचा ट्रेल सुरू होतो. दुसऱ्या दिवशी दोघं रिव्हरसाइड वॉक करा. जाऊन-येऊन साधारण दोन मैल, बांधीव आणि जवळजवळ सपाट वाट, एका हाताला नदी. ती वाट संपते तिथून नॅरोज सुरू होतं, म्हणजे व्हर्जिन नदीच्या पात्रातूनच चालायचं. ऑक्टोबरमध्ये पाणी चांगलंच गार असतं. बूट, निओप्रीनचे मोजे आणि काठी स्प्रिंगडेलमध्ये भाड्याने मिळतात. पुराचा इशारा असेल तर नवऱ्याने कितीही गळ घातली तरी नाही म्हणा. डोक्यावर निळंभोर आकाश असताना वरच्या अंगाला पडलेला पाऊस दरीत लोंढा आणू शकतो. एंजल्स लँडिंग या झायनमधल्या उंच कड्यावरच्या ट्रेलचा बेत त्याने मनात आधीच आखला असेल, तर १ एप्रिल २०२२ पासून तिथे परमिट लागतं, ते लॉटरीने मिळतं आणि अर्ज ऑनलाइन करावा लागतो.

ब्राइसला एक छान सोय आहे. त्याने सनराइज पॉइंटवरून क्वीन्स गार्डनमार्गे खाली उतरायचं आणि नॅव्हाहो लूपने सनसेट पॉइंटला वर यायचं. तीन मैलांच्या आसपास, दोन-तीन तास. तुम्ही तेवढ्या वेळात कड्यावरून सनराइज ते सनसेट पॉइंट हे अर्धा मैल बांधलेल्या, सपाट वाटेवर रमतगमत जा आणि तो धापा टाकत वर येईल तिथे उभ्या राहा. जॅकेट हवंच. कडा आठ हजार फुटांवर आहे, सकाळी कानाच्या पाळ्या बधिर होतात.

पेजला अँटिलोप कॅन्यन ही घळ नॅव्हाहो या मूळ अमेरिकन लोकांच्या जमिनीवर आहे आणि गाइडशिवाय आत जाताच येत नाही. बुकिंग आधीच करा. हॉर्सशू बेंड जाऊन-येऊन दीड मैल, सावली फारशी नाही. या दोन्हींत नवऱ्याचे पाय काही दमणार नाहीत, पण त्या दिवशी तसंच असू दे. दुपारी लेक पॉवेलवर बोटीत बसा.

ग्रँड कॅन्यनला मात्र चालणाऱ्यावर लक्ष ठेवा. डोंगरात आधी चढण असते, दमलं की माणूस आपोआप मागे फिरतो. इथे आधी उतार. पाय हलके, हवा गार, फोटो सुरेख, आणि हिशेब चुकतो तो परतताना. साउथ कायबॅब ट्रेलने सीडर रिजपर्यंत दीड मैल आणि अकराशे फूट उतार आहे, वाटेत पाण्याचा नळ नाही. लाल धूळ पोटरीपर्यंत चढते, खेचरांच्या लिदीचा वास नाकात बसतो, आणि वर येणाऱ्यांपैकी कोणी बोलत नाही. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा. नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत यायचा बेत असेल तर तो हाणून पाडा. पार्कवालेही तेच सांगतात. तुम्ही तोवर एल टोवार या १९०५ सालच्या हॉटेलच्या व्हरांड्यात बसा. दरी तिथून चार पावलांवर आहे.

पाण्याबद्दल थोडं, कारण आपल्याला दमट उन्हाची सवय असते. इथे घाम येतो आणि लगेच उडून जातो, त्यामुळे घाम आलाच नाही असं वाटतं. टोपीच्या कडेला पांढरी रेघ दिसली की समजा, मीठ बाहेर गेलंय. नुसतं पाणी ढोसू नका; शरीरातलं सोडियम कमी होऊनही माणूस आडवा होतो. बरोबर खारट काहीतरी चघळायला ठेवा. माणशी दिवसाला चार लिटर धरून गाडीत पाण्याचा साठा ठेवा. पेट्रोलची टाकी अर्धी झाली की भरा, नकाशे आधी डाउनलोड करा, आणि कच्च्या रस्त्यावर भाड्याची गाडी घालण्यापूर्वी करार वाचा. बऱ्याच कंपन्यांना ते चालत नाही.

सेडोना शेवटी ठेवायला सांगितलं ते मुद्दाम. तोवर नवऱ्याचे गुडघे बोलायला लागलेले असतील आणि स्पाची वेळ घ्यायची कल्पना तोच मांडेल. फारच खाज असेल तर पहाटे कॅथेड्रल रॉक करू दे. छोटा आहे, पण हातपाय टेकत चढावं लागतं. तुम्ही ओक क्रीकच्या काठी.

आणि घड्याळ. ॲरिझोनात उन्हाळी वेळ, म्हणजे घड्याळ एक तास पुढे करणं, पाळत नाहीत, झायन-ब्राइस ज्या राज्यात आहेत त्या युटात पाळतात, आणि ॲरिझोनातल्याच नॅव्हाहो प्रदेशातही पाळतात. ऑक्टोबरमध्ये युटातून पेजला आलात की एक तास पदरात पडतो. ब्राइसमार्गे लांबचा रस्ता घ्यायला सांगितला त्याचं तेही एक कारण. पेज गाव ॲरिझोनाच्या वेळेने चालतं, पण मोबाइल कधी शेजारच्या टॉवरची वेळ पकडतो. अँटिलोपची वेळ ठरवताना ती कुठली, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.