लॅपटॉप हँग झालाय, पॉवरचं बटण दाबूनही बंद होत नाही. काय करू?

माउसचा बाण हलत नाही, बटण दाबून उपयोग नाही आणि जबरदस्तीने बंद केला तर फाइल जाईल, असं तुम्ही लिहिलंय. तुमची भीती रास्त आहे, म्हणून आधी एक मिनिट थांबा.

कॅप्स लॉक दाबा आणि त्याच्या बारक्या दिव्याकडे बघा. दिवा लागत-विझत असेल तर बहुधा एखादाच प्रोग्राम अडकलाय. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तेवढा प्रोग्राम बंद करा. मॅकवर त्यासाठी ऑप्शन, कमांड, एस्केप. स्क्रीनच गोठली असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सांभाळणारा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो, स्क्रीन क्षणभर लुकलुकते. या चार कळांनी माझं सेव्ह न केलेलं काम एकदा वाचवलंय, त्यामुळे त्या विसरू नका.

दिवाही ढिम्म असेल तर मात्र बटणच. तुम्ही ते दाबून लगेच सोडत असणार. तसं दाबलं की फक्त विंडोजला निरोप जातो, आणि तीच अडकलीय. बटण धरून ठेवलं की विंडोजला न विचारता हार्डवेअर वीज तोडतं. ठरलेला वेळ साधारण 4 सेकंदांचा, पण काही लॅपटॉपना 10 किंवा जास्तही लागतात. पंख्याचा आवाज थांबेपर्यंत बोट उचलू नका. मग थोडं थांबून नेहमीसारखा सुरू करा. नुसता चार्जर काढून काही होणार नाही, आत बॅटरी आहे.

आता फाइलचं. आधी सेव्ह केलेलं सहसा जात नाही. सेव्ह न केलेलं रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत असतं, ते जातं. वर्ड मात्र मुळात दर 10 मिनिटांनी स्वतःहून प्रत ठेवतं, म्हणून सुरू झाल्यावर आधी वर्ड उघडा आणि ते परत मिळालेली फाइल दाखवतंय का बघा. खरा धोका डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज तोडण्यात आहे. डिस्कचा दिवा लुकलुकतोय किंवा अपडेटची टक्केवारी दिसतेय, तर अर्धा तास गेला तरी चालेल, पण हात लावू नका.

नंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर 41’ अशी नोंद दिसली तर घाबरू नका. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच ती सांगते. हँग का झालं ते शोधायचं असेल तर तिच्या आधीच्या नोंदी वाचा.