जबड्यातली गाठ इंजेक्शनने जिरते का, की ऑपरेशनच करावं लागतं?

ताई, तुम्ही लिहिलंय की १४ वर्षांच्या मुलीच्या खालच्या जबड्यात गाठ आहे, बायोप्सीत 'सेंट्रल जायंट सेल ग्रॅन्युलोमा' (हाडाच्या आत वाढणारी, कॅन्सर नसलेली गाठ) निघाला, सर्जन जबड्याचा भाग काढावा लागेल म्हणतात आणि गावात कुणी इंजेक्शनचं सुचवलं. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी दातांचा दवाखाना चालवतो. त्या माणसाने तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही.

आधी रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासून घ्या. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडल्या तरी जबड्यात हुबेहूब अशीच गाठ येते, सूक्ष्मदर्शकाखालीही फरक कळत नाही. तसं निघालं तर इलाज ग्रंथीचा करायचा असतो, जबडा कापायचा नसतो. आणि आमच्याकडे गाल सुजला की 'खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाते का' हेच आधी विचारतात. या गाठीचा खर्र्याशी काही संबंध नाही, पोरीला कुणी बोल लावू देऊ नका.

इंजेक्शन म्हणजे ट्रायमसिनोलोन, एक स्टिरॉइड. बधिर करायच्या औषधात मिसळून ते थेट गाठीत, तीन-चार जागी सोडतात. साधारण आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. सुरुवातीला सुई सहज आत जाते. औषध लागू पडलं तर पुढेपुढे ती आत सरकेनाशी होते, कारण गाठीच्या जागी हाड भरू लागलेलं असतं. औषध महाग नाही, पण दर आठवड्याला यावं लागतं आणि सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही. मुलीला साखर, टीबी असेल तर आधी सांगा.

कॅल्सिटोनिन नावाचं हार्मोनही देतात, नाकात फवारा किंवा कातडीखाली इंजेक्शन, पण ते वर्ष-दीड वर्ष चालतं. डेनोसुमॅब हे तिसरं औषध हाड खाणाऱ्या पेशींनाच रोखतं आणि मोठ्या गाठींवरही चालतं. वाढीच्या वयात मात्र मला त्याची धास्ती वाटते: चालू असताना कॅल्शियम उतरू शकतं, बंद केल्यावर काही महिन्यांनी एकदम चढू शकतं आणि गाठ परतही येते. नियमित रक्ततपासणीची सोय नसेल तर ते सुरूच करू नका.

ज्यांच्या रिपोर्टवर 'अमेलोब्लास्टोमा' (दात घडवणाऱ्या पेशींपासून होणारी जबड्याची वेगळी गाठ) आहे त्यांनी हे स्वतःला लावू नये. त्यात बीआरएएफ जनुकातला बदल सापडला तर डॅब्राफेनिबसारख्या गोळ्यांनी गाठ आकसल्याची उदाहरणं आहेत, पण आजही तिथे मुख्य इलाज ऑपरेशनच.

तुमच्या मुलीची गाठ झपाट्याने वाढत नसेल, ओठ बधिर नसेल, तर जबडा काढण्याआधी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा वर्ध्याजवळ सावंगीच्या दंत महाविद्यालयात दुसरं मत घ्या. जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. जिथे तुकडा तपासला तिथून काचेची स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (ज्यात तो तुकडा जपून ठेवलेला असतो) मागून घ्या, जुने एक्स-रेही सोबत ठेवा.