वाचकांचे प्रश्न : घरातली गरिबी आणि भांडणं लिहायची कशी?

प्रश्न : लहानपणावर लिहायला बसलो आहे. बापाची दारू, मायची रोजमजुरी, आम्ही चार भावंडं. प्रसंग ढीगभर आठवतात, पण साल लागत नाही. आधी आमचं वावर गेलं की आधी बहिणीचं लग्न झालं, हेही सांगता येत नाही. नंतर बाप सालानं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर एका मालकाकडे गडी म्हणून राहिला.
– एक वाचक, वरूड तालुका

उत्तर : दादा, प्रसंग लिहायची घाई करू नका. आधी वहीत दर सालाला एक पान द्या, आणि साल जानेवारीपासून नाही, पाडव्यापासून धरा. सालदाराचं घर पाडव्यालाच बदलतं. मालक, सालाचे पैसे, धान्य, कधी राहायची जागासुद्धा. वडील कोणत्या साली कोणाकडे होते एवढं लागलं, तरी बऱ्याच आठवणी जागेवर बसतात.

मग कागद काढा. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये नाव घातल्याची आणि काढल्याची तारीख असते; चौघांचीही पाहा. एखाद्याचं नाव मध्येच कमी झालं असेल, तर महिना बघा. कापूस वेचणीचा असेल, तर पोरगं कुठं गेलं ते कळलं. जन्मतारखेवर मात्र विसंबू नका. दाखल करताना जून-जुलैची १ तारीख टाकून दिलेली पुष्कळदा आढळते.

वावरासाठी जुना सातबारा आणि त्यावर नोंदलेल्या क्रमांकाचा फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, मागा. विक्री कधी, कोणाला, आणि त्याआधी इतर अधिकारांच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता का, हे तिथं दिसेल. ‘बापानं वावर दारूत उडवलं’ असं घरात वर्षानुवर्षं बोललं जातं. विक्री लग्नाच्याच उन्हाळ्यातली निघाली, तर तो प्रसंग वेगळा लिहावा लागेल. नोंद खरेदीनंतर बऱ्याच दिवसांनी होते, म्हणून खरेदीखताची तारीख धरा.

म्हाताऱ्या माणसांना ‘कोणतं साल?’ विचारून उपयोग नसतो. ‘मोवाड वाहून गेलं तेव्हा आपण कुठं राहत होतो?’ असं विचारा. वर्धा नदीचा तो पूर ३० जुलै १९९१ चा. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. त्यांच्या आधी-नंतर घरातल्या गोष्टी लावत जा.

प्रश्न : माय आम्हाला उपाशी कोंडून ठेवायची, मारायची. ती हयात आहे. भाऊ म्हणतो, पुस्तक काढलं तर कोर्टात खेचीन. नावं बदलली तर चालेल का?
– एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : ताई, नुसती नावं बदलून भागत नाही. मुखपृष्ठावर तुमचं नाव असलं की माय कोण, हे गावाला कळतंच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा गुन्हा आहे. त्यात मजकूर खरा असणं एकटं पुरत नाही, तो लोकहितासाठी असावा लागतो. मेलेल्या माणसाची बदनामीही, जवळच्या नातेवाइकांना दुखावण्याच्या हेतूनं केली, तर यात येऊ शकते. म्हणून तुम्ही स्वतः पाहिलं-भोगलं तेवढंच ठेवा, ऐकीव काढा. भावाच्या बायकोचं आजारपण, चुलत्याचं प्रकरण तुमच्या गोष्टीला लागत नसेल, तर तेही काढा. भावाला त्याच्यापुरती पानं दाखवून तपशिलाची चूक विचारा. संमती मागत बसू नका. प्रकाशकाच्या करारात दाव्याची जबाबदारी कोणावर टाकली आहे ते वाचा, आणि सही करण्याआधी वकिलाला हस्तलिखित दाखवा.

आता लिहिण्याचं. अशा पुस्तकांच्या पहिल्या खर्ड्यात एक माणूस राक्षस होतो, दुसरा देव, आणि वाचकाचा विश्वास तिथंच उडतो. मारलेल्या दिवसाचं पान सकाळपासून लिहा. माय किती वाजता वावरात गेली, किती किलो वेचलं, किलोमागं काय मिळालं, डब्यात पीठ किती होतं, दुकानदारानं उधारी दिली की परत पाठवलं. यानं मार माफ होत नाही, आणि तो हलका करूनही लिहू नका. फक्त कुठल्या दिवशी पडला ते कळतं. उलट, घरात ज्वारी असतानाही तिनं कोंडलं असेल, तर तेही तितकंच स्पष्ट लिहा. गरिबीवर सगळं ढकलणं हाही खोटेपणाच आहे. तेव्हा पोरीला जे कळत होतं ते निळ्या शाईनं, आज कळतं ते लाल शाईनं लिहा. प्रसंगाच्या मधोमध लाल शाई आली की ती ओळ उचलून प्रसंगाच्या शेवटी न्या, नाहीतर सात वर्षांची पोर वकिलासारखी बोलू लागते.

प्रश्न : सगळं पुस्तक वऱ्हाडीत लिहू का?
– एक वाचक, दर्यापूर

उत्तर : ज्या भाषेत तुम्हाला न अडखळता शंभर पानं लिहिता येतात, त्या भाषेत निवेदन ठेवा. बोलणं मात्र वऱ्हाडीतच हवं. रागावलेला बाप ‘का बरं?’ म्हणत नाही, ‘काहून बे?’ म्हणतो. ‘मले’, ‘तुले’, ‘करून रायला’ यांचं लेखन एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा. शब्दांचे अर्थ कंसात देऊ नका. ‘पऱ्हाटी उपटून चुलीत घातली’ हे वाक्य पुण्याच्या वाचकालाही कळतं.