कडुनिंबाच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर द्रावण गढूळ झाले, मग काळपट. चांदीचे नॅनोकण (मीटरच्या अब्जांशात मोजायचे सूक्ष्म कण) बनले का? की तुळस घ्यावी?

तुळस-कडुनिंबाने फारसा फरक पडत नाही. तो दुधाळ गढूळपणा बहुधा सिल्व्हर क्लोराइडचा आहे. नॅनोकण बनताना द्रावण पिवळे, मग तपकिरी होते, पण आरपार दिसते.

हे क्लोराइड आले कुठून? पहिला संशय पाण्यावर. नळाचे किंवा घरच्या आरओचे पाणी चालत नाही, डबल डिस्टिल्ड (दोनदा ऊर्ध्वपातित) हवे. भांडी एचसीएलने (हायड्रोक्लोरिक आम्लाने) धुतली असतील तर क्लोराइड तिथूनही येते. विरळ नायट्रिक आम्लाने धुवा.

ताजी पाने 10 ग्रॅम, चिरून 100 मिली पाण्यात 10 मिनिटे उकळा. मिक्सरमधून काढू नका, फिल्टर पेपर तुंबतो. व्हॉटमन 1 फिल्टर पेपरमधून गाळा, अर्क ताजाच वापरा. 100 मिली पाण्यात 17 मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट म्हणजे 1 मिलिमोलर. त्यातल्या 90 मिलीत 10 मिली अर्क ढवळत थेंबथेंब सोडा. फ्लास्कला फॉइल गुंडाळा.

तरीही गढूळच? मग क्लोराइड पानातलेच. यावरून माझे गाइडशी वाजले होते. त्यांचे म्हणणे, ‘रंग आला ना, पेपर लिहा.’ अहो, सिल्व्हर क्लोराइडही उजेडात काळवंडते! रंग हा पुरावा नव्हेच. नुसता अर्क, नुसते सिल्व्हर नायट्रेट आणि मिश्रण, तिन्ही अंधारात शेजारी ठेवा. यूव्ही-व्हिजिबलला (द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषते ते मोजणारे यंत्र) अर्काचा ब्लँक, म्हणजे तुलनेचा नमुना, घ्या. 400 ते 450 नॅनोमीटरमध्ये पीक (आलेखातले शिखर) हवे. ते पसरट होऊन जास्त तरंगलांबीकडे सरकले तर कण गोळा होताहेत. तांब्याच्या नळीच्या एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) 38.1, 44.3, 64.4 आणि 77.4 अंश ही चांदी, 27.8, 32.2, 46.2 हे सिल्व्हर क्लोराइड. कित्येक प्रबंधांत 32 चे पीक ‘सेंद्रिय घटक’ म्हणून खपवलेले असते. शेरर सूत्राने (एक्सआरडी पीकच्या रुंदीवरून आकार काढायचे सूत्र) आलेला आकार स्फटिकाचा, कणाचा नव्हे, हेही तिथे कुणी लिहीत नाही.

जिवाणूंवर चाचणी करायची तर कण सेंट्रिफ्यूज करून दोन-तीनदा धुवा. न धुतलेल्या द्रावणातले चांदीचे आयनच जिवाणू मारतात आणि श्रेय कडुनिंबाला जाते.

हो, सामू (पीएच) 8-9 ला नेला तर अभिक्रिया लवकर होते, पण कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) जास्त पडले तर तपकिरी सिल्व्हर ऑक्साइड बसते. अमोनिया वापरू नका. अमोनियायुक्त चांदीचे द्रावण साठले तर स्फोटक साका (तळाला बसणारा घन पदार्थ) बनू शकतो. आणि ‘हरित’ म्हणत उरलेले सिंकमध्ये ओतू नका. उरलेल्या सिल्व्हर नायट्रेटमध्ये मीठ टाका, साका वेगळ्या बाटलीत जमवा. कणांचे द्रावण तसेच कचऱ्याच्या बाटलीत.