क्लब दिवाळखोरीत आणि टीम खाली चाललेली असताना फॅन्स मॅनेजरच्याच मागे का उभे राहतात? ही आंधळी भक्ती नाही का?

"आंधळी भक्ती" वाचलं आणि लिहायला बसलो. हाच शब्द माझ्या रूममेटने मला ऐकवला होता आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये मी मास्टर्ससाठी इंग्लंडला डर्बीत पोचलो आणि त्याच महिन्यात तिथला फुटबॉल क्लब डर्बी काउंटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेली. म्हणजे दिवाळखोरीमुळे क्लबचा कारभार मालकाकडून बाहेरच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे गेला, आणि त्याची शिक्षा म्हणून लीगने १२ पॉइंट्स कापले. नोव्हेंबरमध्ये जुन्या हिशेबांतल्या घोळासाठी अजून ९. एकूण २१, आणि यातल्या एकाही पॉइंटला मॅनेजर वेन रूनी जबाबदार नव्हता. मालक मेल मॉरिसने २०१८ मध्ये क्लबचं स्टेडियम स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला ८ कोटी पौंडांच्या वर किमतीला विकून ताळेबंद सावरला होता, तेव्हा रूनी डर्बीत आलाही नव्हता. वर ट्रान्सफर एम्बार्गो, म्हणजे पैसे देऊन खेळाडू घ्यायची सोयच नाही. चाळिशीला टेकलेला जॅगिएल्का मागे चांगला खेळत होता, जानेवारीत त्याचं कॉन्ट्रॅक्टसुद्धा वाढवता आलं नाही, गेला तो. मग खेळवणार कोणाला, तर अकॅडमीतल्या पोरांना.

माझा रूममेट मराठीच, लहानपणापासून मँचेस्टर युनायटेडवाला. त्याचं म्हणणं एकच, टेबल खोटं बोलत नाही, तळाला आहे तो मॅनेजर नापास. ३० जानेवारी २०२२ ला त्याला ओढतच डर्बीच्या बर्मिंगहॅमविरुद्धच्या मॅचला नेलं. त्या दिवशी मॅचआधी हजारो लोक डर्बीच्या स्टेडियमपर्यंत, प्राइड पार्कपर्यंत चालत गेले, म्हातारेकोतारे, लेकरं खांद्यावर घेतलेले बाप, सगळे, कारण क्लब विकत घ्यायला कोणी पुढे येत नव्हतं, मिडल्सब्रो आणि विकम या दोन क्लबांनी नुकसानभरपाईचे दावे लावलेले आणि क्लब शिल्लक राहतो की नाही हीच भीती. आणि दोनच दिवस आधी रूनीने सांगितलं होतं की एव्हर्टनने विचारलं पण मी इंटरव्ह्यूला जाणार नाही. एव्हर्टन म्हणजे त्याचा लहानपणचा क्लब हो, आणि प्रीमियर लीगमधला, म्हणजे डर्बीच्या वरच्या लीगमधला!

माझ्या शेजारी एक आजोबा होते, १९७२ आणि १९७५ चे लीग विजय पाहिलेले. मी त्यांना हाच तुमचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, मालक दिसत नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे हिशेबनीस, दर आठवड्याला आमच्यासमोर येऊन खरं काय ते सांगणारा हा एकटाच आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी हेच वाटतं.

तर मॅच. बर्मिंगहॅमचे दोन गोल झाले. ऐंशीव्या मिनिटाच्या आसपास रूममेट उठला, म्हणाला गर्दी व्हायच्या आत बस पकडतो, तू बस तुझ्या देवाजवळ. ८७ व्या मिनिटाला डर्बीच्या प्लांजचा गोल. मग ९६ व्या मिनिटाला बिएलिक, गुडघ्याच्या दुखापतीने वर्षभर बाहेर असलेला माणूस, हवेत उलटा होऊन मारतो आणि बॉल आत! मला आठवतं ते एवढंच की आजोबांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दोन दिवस दुखत होता. एका पॉइंटसाठी! रात्री घरी आलो तर रूममेट म्हणाला, ड्रॉच ना शेवटी?

एप्रिलमध्ये क्यूपीआर या क्लबकडून १-० हरून डर्बी खालच्या लीगमध्ये ढकलली गेली. तो तेव्हाही म्हणाला, बघ, टेबल. अरे बाबा, मैदानावर त्या पोरांनी ५५ पॉइंट्स कमावले होते, टेबलमध्ये ३४ दिसतात. खाली जाण्यापासून वाचलेल्या रेडिंगचे ४१, आणि त्यांचेही ६ कापलेले. ज्या टेबलमधून मालकाच्या कर्माचे २१ वजा झालेत ते बघून मॅनेजरला नापास करणारा माणूस फुटबॉल बघत नाही, निकाल बघतो. माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

एक मात्र मान्य करायला पाहिजे. फॅन्स पूर्ण निर्दोष नाहीत. मॉरिस स्वतः डर्बीचाच फॅन, तो पैसे ओतत होता तेव्हा याच लोकांनी टाळ्या वाजवल्या, प्रीमियर लीगमध्ये जायची २०१९ ची प्लेऑफ फायनल अ‍ॅस्टन व्हिलाकडून हरेपर्यंत हिशेब विचारणारे थोडेच होते. आणि चांगला माणूस म्हणजे चांगला मॅनेजर असंही नाही, पुढे बर्मिंगहॅममध्ये रूनी १५ मॅचमध्येच गेला. तुमच्या क्लबचा मॅनेजर पैसे असतानाही हरत असेल तर खुशाल बोला त्याला. पण आधी बघा की खेळाडू घ्यायची मोकळीक त्याला आहे का, पॉइंट्स कोणामुळे गेले, आणि दुसरीकडून बोलावणं आल्यावर तो काय करतो.

२४ जून २०२२ ला रूनी डर्बी सोडून गेला. आठवड्याभरात डेव्हिड क्लोजने क्लब विकत घेतला. रूममेटचा लगेच मेसेज, "गेला ना तुझा देव?" मी लिहिलं, गेला, पण जूनमध्ये गेला, जानेवारीत नाही. त्यावर त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.