खाटेपाशी सोनोग्राफी: बचत कुठे होते, कुठे होत नाही

प्रश्न : आमचे 50 खाटांचे रुग्णालय आहे. वॉर्डातच सोनोग्राफी केली की एक्स-रे आणि सीटी कमी होतात, त्यामुळे पर्यावरणाचीही बचत होते, असे ऐकतो. आकडे काय सांगतात? (फिजिशियन, सातारा)

बचत होते, पण सोनोग्राफी दुसऱ्या तपासणीच्या जागी केली तरच. ऑस्ट्रेलियातल्या रुग्णालयांत मोजमाप करून 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका तपासणीमागचे कार्बन उत्सर्जन असे निघाले : एमआरआय 17.5 किलो, सीटी 9.2 किलो, एक्स-रे विभागात काढलेला छातीचा एक्स-रे सुमारे 0.8 किलो, पोर्टेबल मशीनवरचा एक्स-रे 0.5 किलो आणि सोनोग्राफी 0.5 किलो. म्हणजे पोर्टेबल एक्स-रे टाळून सोनोग्राफी केली तर कार्बनच्या हिशेबात फारसे काही हाती लागत नाही. रुग्णाचा किरणोत्सार टाळला जातो, तो फायदा वेगळा. आणि एक्स-रे काढून वर सोनोग्राफीही केली, तर नुसती भरच पडते.

मोठी तफावत सीटीशी आहे, पण तिथेही एक मेख आहे. सीटीच्या उत्सर्जनाचा बराच भाग मशीन रिकामे असताना जळणाऱ्या विजेचा असतो. त्याच अभ्यासात मशीन चालूच आहे असे धरून फक्त एका जास्तीच्या सीटीचा हिशेब केला, तर आकडा 1.1 किलोवर येतो. म्हणून सीटीची संख्या कमी करण्याबरोबर रात्री मशीन कोणत्या स्थितीत सोडले जाते, हेही रेडिऑलॉजी विभागाशी बोलून ठरवा.

एक्स-रेची जागा सोनोग्राफी उत्तम घेते ती फुफ्फुसाभोवतीच्या पाण्याच्या बाबतीत. उभ्या रुग्णाच्या एक्स-रेत बरगड्या आणि डायाफ्राम (छाती-पोटामधला स्नायूचा पडदा) यांच्यातला कोपरा बोथट दिसायला साधारण 200 मिली पाणी साठावे लागते. सोनोग्राफीत 20 ते 50 मिलीही दिसते. रुग्णाला उताणे ठेवून धड 15 अंश उचला. प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) काखेच्या मागच्या रेषेवर धरा. आधी डायाफ्राम शोधा, त्याच्या खाली यकृत किंवा प्लीहा ओळखा, मगच वर सरका. ही पायरी गाळली की पोटातले पाणी छातीतले समजले जाते आणि सुई भलतीकडे जाते. श्वास सोडून संपल्यावर फुफ्फुसाच्या तळाशी छातीची भिंत आणि फुफ्फुस यांच्यातले अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि 20 ने गुणा. 30 मिमी आले तर अंदाजे 600 मिली. हे सूत्र व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांवर बसवलेले आहे, त्यामुळे इतरांत फक्त अंदाज म्हणून वापरा.

आमच्या मते सगळ्यात मोठी गळती नोंदीत आहे. दुपारी केलेल्या तपासणीचे चित्र आणि आकडा केसपेपरवर नसेल, तर रात्रपाळीचा डॉक्टर पुन्हा एक्स-रे लिहितो, आणि त्याला दोषही देता येत नाही. बाजू, जागा, मिमी, वेळ आणि सही एवढे एका ओळीत लिहा. ‘रोज सकाळी पोर्टेबल चेस्ट’ अशी सरसकट ऑर्डर असेल तर ती काढून टाका. एक्स-रे हवा असेल तेव्हा कारण लिहून मागवा.

प्रश्न : प्रत्येक तपासणीनंतर टिश्यूचा ढीग पिवळ्या पिशवीत जातो. प्रोब स्पिरिटने पुसला तर चालतो का? जेल आम्ही 5 लिटरच्या कॅनमधून बाटलीत भरतो, ते बरोबर आहे का? (आयसीयू सिस्टर, नाशिक)

पिवळ्या पिशवीतला जैववैद्यकीय कचरा बहुतेक ठिकाणी भट्टीत जळतो. अखंड त्वचेवरून पुसलेल्या, रक्त वा स्राव न लागलेल्या जेलच्या टिश्यूला तिथे जागा नाही, तो साध्या कचऱ्यात जातो. रक्त लागलेला टिश्यू पिवळ्यात, वापरलेले हातमोजे आणि दूषित प्लास्टिक कव्हर लाल पिशवीत. आयसोलेशनमधल्या रुग्णासाठी संसर्ग नियंत्रण समितीचा नियम पाळा. रुग्णाचे अंग पुसायला धुता येणारा सुती नॅपकिन ठेवलात, तर ढीग मुळातच कमी होईल. जेलही हात राखून घ्या. छातीच्या एका जागेला चमचाभर पुरते. ओतलेले जास्तीचे जेल पुसायलाच टिश्यू लागतात.

प्रोबवर स्पिरिट नको, उत्पादकाच्या पुस्तिकेत परवानगी दिलेली असेल तरच वापरा. पुढचा रबरासारखा पडदा स्पिरिटने कडक होतो, मग तडकतो. क्रम असा : चित्र फ्रीझ करा, जेल कोरड्या कापडाने पूर्ण काढा, मग पुस्तिकेत मान्य असलेल्या जंतुनाशकाचा एक वाइप. जेलचा थर राहिला तर जंतुनाशक खाली पोचतच नाही. वाइपच्या पाकिटावर जितका वेळ लिहिला आहे तितका वेळ पृष्ठभाग ओला राहू द्या. लगेच कोरडा पुसला की सगळे फुकट. वायर आणि प्रोबची मूठ हमखास विसरली जाते, ती पण पुसा. हे अखंड त्वचेपुरते झाले. योनीमार्गातून वापरलेल्या प्रोबला कव्हर असले तरी हाय-लेव्हल डिसइन्फेक्शन, म्हणजे साध्या वाइपपेक्षा वरच्या दर्जाचे निर्जंतुकीकरण, लागतेच.

कॅनमधून भरणे थांबवा. अर्धी रिकामी बाटली वरून भरली की तळातले जंतू पुढच्या भरण्यात राहतात, आणि कोमट ठेवलेल्या जेलमध्ये ते वाढतात. 2021 मध्ये अमेरिकेत दूषित जेलमधून बर्खोल्डेरिया या जिवाणूचा संसर्ग पसरला होता. त्या बाटल्या तर कारखान्यातूनच दूषित आल्या होत्या. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि 28 दिवसांनी टाका. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) घालताना किंवा सुई टोचण्याची कोणतीही क्रिया करताना निर्जंतुक जेलचे पाकीट आणि लांब निर्जंतुक कव्हर लागतेच. पर्यावरणाच्या नावाने तिथे काटकसर करू नका. एका संसर्गामुळे लागणाऱ्या औषधांचा, ट्यूबांचा आणि वाढलेल्या दिवसांचा कचरा त्याच्या कितीतरी पट असतो.

तुमच्या हातात आणखी एक बचत आहे. शस्त्रक्रियेनंतर लघवी झाली नाही की लगेच कॅथेटर (लघवीची नळी) घातला जातो, त्याआधी सोनोग्राफीने मूत्राशय मोजा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि 0.52 ने गुणा. 8 × 7 × 6 आले तर सुमारे 175 मिली. एवढ्यावर कॅथेटर न घालता सहसा वाट पाहता येते. निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्या. टळलेल्या प्रत्येक कॅथेटरमागे युरोबॅग, हातमोजे, जेली आणि ट्रे टळतो, आणि रुग्णाचा मूत्रसंसर्गही.

प्रश्न : ट्रॉलीवरचे मशीन 24 तास चालू ठेवावे का? (निवासी डॉक्टर, नागपूर)

आयसीयूत तातडी असते, तिथे बॅटरीवर झोपवलेले, म्हणजे स्लीपमध्ये असलेले मशीन पुरते. ओपीडीत आणि वॉर्डात रात्री बंदच करा. समजा रिकाम्या अवस्थेत 200 वॉट जातात : 14 तासांत 2.8 युनिट. आपल्या ग्रिडवर युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन उत्सर्जन धरले तर जवळपास 2 किलो, रोज. साधा प्लगचा मीटर लावून तुमच्या मशीनचा खरा आकडा काढा. मागच्या पट्टीवर लिहिलेले वॉट कमाल असतात.

प्रश्न : नवा हातात मावणारा प्रोब घेतोय. जुने मशीन भंगारात देता येईल का? (रुग्णालय व्यवस्थापक, कोल्हापूर)

थेट भंगारवाल्याला मुळीच नाही. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली मोबाइलला जोडायचा प्रोबही सोनोग्राफी यंत्रच आहे. त्याची नोंदणी हवी, आणि पोर्टेबल यंत्र नोंदणी झालेल्या जागेतच, दाखल रुग्णांसाठी वापरायचे असते. यंत्रात बदल करायचा असेल तर 30 दिवस आधी समुचित प्राधिकाऱ्यांना (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्यांना) लेखी कळवा. जुने मशीन बिगरनोंदणीकृत माणसाला विकणे गुन्हा आहे.

घाईने बाद करण्याआधी दोष नक्की कशात आहे ते पाहा. प्रोब हवेत धरा, जेल न लावता. पडद्यावर आडव्या पट्ट्या सलग दिसल्या पाहिजेत. मध्ये काळी उभी पट्टी दिसली तर तिथले क्रिस्टल (प्रोबमधले ध्वनिलहरी सोडणारे तुकडे) मेले आहेत, बहुधा प्रोब पडला असेल. चित्र वायर हलवली की येते-जाते, तर वायर बहुधा ट्रॉलीच्या चाकाखाली गेलेली असते. दोन्हींत प्रोब दुरुस्त करता येतो किंवा बदलता येतो, मशीन ठीक असते. खरोखरच बाद झाले असेल तर 2022 च्या ई-कचरा नियमांत वैद्यकीय उपकरणेही येतात, म्हणून नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या, पावती जपून ठेवा आणि देण्याआधी हार्ड डिस्कवरची रुग्णांची माहिती पुसून घ्या.