जुन्या जंगलपटांची ब्लू-रे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : १९३०च्या दशकातल्या हॉलीवूडच्या जंगलपटांच्या ब्लू-रेवर उडता पक्षी कधी मध्येच नाहीसा होतो. असं का?

उत्तर : धूळ पुसणारं सॉफ्टवेअर मागची-पुढची फ्रेम ताडून पाहतं. एकाच फ्रेममध्ये दिसलेली गोष्ट ते कचरा समजून पुसतं. झपकन गेलेला पक्षी किंवा हललेलं पान त्यातच सापडतं. म्हणून दाट झाडीचे शॉट हातानेच साफ करायला हवेत. मिनिटाला १,४४० फ्रेम, काम जिकिरीचं आहे, पण इथे घाई करणं म्हणजे सिनेमावर अन्यायच. ओरखडे मात्र स्कॅन करतानाच कमी होतात. वेट-गेटमध्ये, म्हणजे स्कॅनरच्या फिल्म ओली करणाऱ्या भागात, फिल्म परक्लोरोएथिलीन या द्रवातून जाते, तो द्रव पाठीकडच्या ओरखड्यांत भरतो आणि प्रकाश विखुरत नाही. इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थरच खरवडला असेल, तर याचा उपयोग नाही.

प्रश्न : सिंह-हत्तींचे शॉटच जास्त दाणेदार का?

उत्तर : बरेचदा ते दुसरीकडून घेतलेलं चित्रण असतं. निगेटिव्हवरून प्रिंट, तिच्यावरून पुन्हा निगेटिव्ह. प्रत्येक नकलेत दाणे वाढतात. ते घासूनपुसून काढले, की सिंहाची आयाळ मेणाची दिसते. राहू द्यावेत.